मूठभर पिशवी

धारूरच्या डोंगराकडेच्या गावांत दसरा जवळ आला की दोनच कामं निघतात. कोयत्याला धार लावायची आणि बाईची पिशवी काढायची! हसू नका मंडळी, खरंच असं होतं. उसाच्या फडात पाळीचा खोळंबा नको, म्हणून बाया गर्भपिशवीच काढून मोकळ्या होतात.

यंदा सत्यभामाचं ठरलं होतं. वय सत्तेचाळीस. पाळी कधी दोन-दोन महिने गडप, कधी आली की हटायचं नाव नाही. भाकरी थापताना अंगातून वाफा निघत. सुनेनं साधं मीठ मागितलं तरी ती खेकसायची, मग चुलीपुढं एकटीच रडायची. आपल्याला वेड लागतंय, ही धास्ती तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

नवरा आसाराम काही वाईट माणूस नव्हता. "काढून टाक. सगळ्याच काढत्यात. फडात कोन बघनार तुला?" एवढंच तो म्हणाला आणि दवाखाना ठरवून आला.

जायच्या आदल्या दिवशी नांदूरघाटाहून धाकटी नणंद कडूबाई आली. कमरेत वाकलेली बाई भिंत धरधरून खाली टेकली.

"वैनी, कंडक्टर मला म्हनला, आज्जे, सांभाळून उतर. तुज्याहून ल्हान हाय की गं मी!"

सत्यभामा चपापली. खरंच की! हिच्या लग्नात हळद तर तिनंच लावली होती.

"पंचविशीत पिशवी काढली," कडूबाई म्हणाली. "संगट अंडाशयंबी काढली, मला कुनी सांगितलंबी न्हाई. जे पन्नाशीला हळूहळू यायचं, ते एका झटक्यात अंगावर आलं. तवापास्नं हाडं लई ठनकत्यात. आगं, आपन ऊस तोडतो, मूळ ठिवतो का न्हाई? मग सोताचंच मूळ कावून उपटायचं? आधी तपासून तर घे!"

आसाराम दारातच उभा होता. बहिणीला तेव्हा दवाखान्यात नेणारा तोच होता. त्याची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ठरवलेला दवाखाना सोडून तिघं सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली आणि आसारामलाही आत बोलावलं.

"ही तुमची पिशवी. ठणठणीत आहे. तुमचे पाळी जायचे दिवस आलेत. वाफा, चिडचिड, झोप उडणं, सगळं त्याचंच. वेडबिड काही नाही."

सत्यभामा पडद्याकडे बघतच राहिली. "केवढी अस्ती जी?"

"तुमच्या मुठीएवढी."

तिनं मूठ वळून डोळ्यांसमोर धरली. "अगं बया! एवढ्याशा जागेत माजी तीन लेकरं मावली?"

कुणी न शिकवता इथंच त्यांचे डोळे घडले, नखं घडली. आणि आता काम पुरं झालं, थांबायचं, हेही या अंगाला आपलं आपण कळत होतं! सत्यभामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आसारामनं तर देवळात जोडावेत तसे हात जोडले.

"तीळ, बाजरी, दूध खा. अंगावर सुती कपडे घाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फारच त्रास झाला तर औषधं आहेत. पण रक्त जास्त जायला लागलं, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर घरी बसायचं नाही. लगेच यायचं."

बाहेर पडायच्या आधी आसाराम घुटमळला. "बाई, माज्या बहिनीची हाडंबी बघता का? चुकी माजी हाय." कडूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

ऊसतोडीला टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टरमध्ये शेजारची ऋतुजा सत्यभामाला चिकटून बसली. दोन लेकरांची आई, पण पोरच अजून. "काकू, पुढल्या साली मीबी पिशवी काढनार."

"मूठ वळ बरं," सत्यभामा म्हणाली. ऋतुजानं वळली. "एवढीशी अस्ती ती. तुजी लेकरं हितं वाढली. खरंच आजार निघाला तर काढ, पन तपासल्याबिगर तिला हात लावू दिऊ नको."

ऋतुजा कितीतरी वेळ आपल्या मुठीकडे बघत बसली. आसारामनं न मागता पाण्याचा तांब्या बायकोपुढं केला.

बायांनो, पाळी जाणं हा वयाचा टप्पा आहे. तो समजून घ्या, तपासून घ्या, घाबरून अंग कापून घेऊ नका. आणि बाप्यांनो, घरातली चिडली तर तिला वेडी म्हणण्याआधी एकदा आपली मूठ वळून बघा. तुम्हीही एवढ्याशाच जागेतून आलात!