दाराबाहेरचा थोर बंधू

आमच्या लॉजचं, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या इथल्या शाखेचं, एक बातमीपत्र निघतं. कोण नवा फ्रीमेसन झाला, लॉजने कुठल्या दवाखान्याला पलंग दिले, असल्या बातम्या, आणि शेवटच्या पानावर ‘थोर मेसन’ हे सदर. आजवर तिथे न्यायाधीश, संगीतकार, पूल बांधणारे इंजिनिअर येऊन गेले. या महिन्यात मी आलो. मी शिंपी आहे, आणि लॉजचा द्वारपाल.

द्वारपाल म्हणजे सभा चालू असताना तलवार घेऊन बंद दाराबाहेर उभा राहणारा बंधू. त्या तलवारीने मी आजवर फक्त एक मांजर हाकललं आहे. आतून तीन ठोके पडले की मी तलवारीच्या मुठीने बाहेरून तीन ठोके द्यायचे. त्याचा अर्थ, बाहेर सगळं ठीक आहे.

थोरल्या भावाच्या, दादाच्या, नादाने मी लॉजमध्ये आलो आणि त्याच वर्षी जुना द्वारपाल वारला. “एवढं वर्ष सांभाळा,” सगळे म्हणाले. एवढं वर्ष, एवढं वर्ष करता करता केस पिकले. आत दादा त्याच्या खुर्चीत, बाहेर मी. आत काय चालतं हे माझी बायको कधी विचारत नाही. मलाही ठाऊक नसतं हे तिला माहीत आहे.

आता दादा कायमचा मुलीकडे परदेशी निघाला होता. कालची सभा त्याची शेवटची. ती एक सभा मला त्याच्या शेजारी बसून हवी होती, बाकी काही नको. मी अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, मला या दारातून मोकळं करा.

“सुरुवातीलाच विषय काढतो,” ते म्हणाले. “दुसरा कोणी तयार झाला की तुम्ही आत या.”

दादाला मात्र बोललो नाही. सभेनंतर घरी जाताना तो दर वेळी विचारायचा, “बाहेर कंटाळत नाहीस ना रे?” आणि मी म्हणायचो, “छे, मजेत असतो.” आता कुठल्या तोंडाने खरं सांगणार?

त्यात हे सदर. ते लिहितात आमचे दातांचे डॉक्टर. माणूस लोकांचे दात काढतो आणि लेखात विशेषणं बसवतो. पँट सैल करायला दुकानात आले आणि प्रश्न विचारत बसले.

“दार सोडून कुठे जावंसं वाटलं नाही कधी?”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, डोक्यात राग होता. “दार सोडून मी कुठे जाणार?” मी खेकसलो.

छापून आलं ते असं: ‘दार सोडून मी कुठे जाणार, असं म्हणताना त्यांना पुढे बोलवेना.’ टाचण्यांचा उल्लेख नाही.

काल दार लागलं आणि मी कान देऊन उभा राहिलो. मनात ठरवलं होतं, आत गेल्यावर दादाच्या डाव्या हाताला बसायचं, त्याला त्या कानाने बरं ऐकू येतं. बराच वेळ एकच आवाज एका सुरात येत राहिला. मग टाळ्या, आणि थांबेचनात. मी तलवार भिंतीला टेकवली आणि कोट नीट केला.

दार थोडं उघडलं. आतल्या बाजूला उभा असणारा बेकरीवाला डोळे पुसत होता.

“अध्यक्ष उठलेच होते,” तो कुजबुजला, “पण डॉक्टर म्हणाले, आधी लेख वाचतो. लेख संपला आणि दादा उभे राहिले. म्हणाले, माझ्या भावाचा जीव या दारात आहे, मी गेल्यावर ते कोणी त्याच्याकडून काढून घेऊ नका. एकमताने ठराव झाला. तुम्ही आता तहहयात द्वारपाल.”

“आणि अध्यक्ष?”

“ते काय बोलणार? त्यांनीही हात वर केला.”

त्याच्या खांद्यावरून मला दादा दिसला. लहानपणी माझ्यासाठी मारामारी करून पतंग आणायचा आणि हसायचा, तसाच हसत होता. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, मलाही सांगता येणार नाही. दादाने हात उंचावला.

दार लागलं. कडी सरकली. आतून तीन ठोके पडले.

मला रडू येत होतं. मी तलवार उचलली. आत दादा ऐकत असणार.

मी तीन ठोके दिले.