चुकीचं क्रियापद

डोळ्यांवर कापूस, कापसावर काळं फडकं, फडक्यावर आणखी एक फडकं! असा बंदोबस्त करून महाराज मंचावर बसले होते आणि सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोरच्या खुर्चीत एकेक जण येऊन बसायचा. सेविका माइकवरून विचारायची आणि महाराज हवेत हात फिरवून त्याचा आजार सांगायचे.

"महाराज, या काकांचा त्रास सांगा!"

"गुडघे! दोन्ही गुडघे!"

काका रडायलाच लागले. "अगदी बरोबर! दहा वर्षं झाली!"

"या काकूंचा त्रास ओळखा!"

"पोट. आत आग आहे आग!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं.

माझ्या शेजारी माझी थोरली बहीण घटाघटा पाणी पीत होती. तिसरी बाटली. मागच्या आठवड्यात याच खुर्चीत तिला बसवून महाराजांनी फर्मावलं होतं, "रक्तात साखर आहे. सुया बंद! सात दिवस मंतरलेलं पाणी." डॉक्टरांनी बजावलं होतं की इन्सुलिन एक दिवसही चुकवायचं नाही, आणि ताईनं चार दिवस सुई हातात धरली नव्हती.

"ताई, जीव जाईल गं तुझा!"

"ज्यानं न बघता माझा आजार ओळखला, त्याचं ऐकू नको तर कुणाचं ऐकू?"

ती ऐकेना. म्हणून तिच्याबरोबर आले होते, रागानं धुमसत आणि खरं सांगायचं तर घाबरून.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे. त्यामुळे सेविका जेव्हा म्हणाली, "या दादांचा आजार पारखा!" तेव्हा दाताखाली खडा आला. आजार कुणी पारखतं का? सोनं पारखतात, माणूस पारखतात. खरं की खोटं ते घासूनपुसून बघायचं, त्याला पारखणं म्हणतात. आजार ओळखायचा असतो.

"साखर!" महाराज गरजले.

थोड्या वेळानं पुन्हा "पारखा". पुन्हा साखर! आता मी कानात प्राण आणून ऐकू लागले. "सांगा" म्हटलं की गुडघे. "ओळखा" म्हटलं की पोट. "जाणा" म्हटलं की डोकं. बाईचं मराठी कच्चं नव्हतं, चांगलं पक्कं होतं. आणि कार्यक्रमाआधी रांगेत प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवत "काय होतंय हो?" असं हीच बाई विचारत होती. ताईनंही तिला सगळं सांगितलं होतं.

"ताई, मागच्या वेळी ती काय म्हणाली होती? ओळखा की पारखा?"

"चुलीत घाल तुझं व्याकरण!"

सेविका वहीत नाव लिहायला वाकली, तशी मी मंचावर चढले आणि माइक उचलला. त्या फाटक्या कर्ण्यातून सगळ्यांचे आवाज सारखेच येत होते. खुर्ची रिकामी होती. मी जमेल तेवढा गोड गळा काढला.

"महाराज, या ताईंचा त्रास पारखा!"

महाराजांचा हात हवेत फिरला. "रक्तात साखर आहे. सुया बंद! सात दिवस मंतरलेलं पाणी."

सेविका माइकवर झेपावली. मी तो डोक्यावर धरून ओरडले, "आता सांगा!"

"गुडघे! दोन्ही गुडघे!"

"अहो, खुर्चीला पाय असतात, गुडघे कुठले?" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशाचा स्फोट झाला. महाराजांनी फडकी ओरबाडली, कापूस उडाला. समोर रिकामी खुर्ची पाहून त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मी चारही शब्द आणि चारही आजार मोठ्यानं सांगितले. ज्यांनी रांगेत सेविकेला आजार सांगितला होता त्यांना हात वर करायला लावले. हात वर होत गेले, काकांचाही.

"देवमाणसाची परीक्षा घेता? लाज नाही वाटत?" एक भक्त अंगावर धावून आला.

"घेते! शंभर वेळा घेईन! पारखायचा तो माणूसच, आजार नव्हे!"

ताई मात्र हसत नव्हती. "मला म्हणाला होता तेच," ती पुटपुटली, "शब्दन् शब्द तेच. खुर्चीला."

तशीच तिला दवाखान्यात नेली. परिचारिकेनं बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. यंत्राला कुणी काही विचारलं नाही. आकडा बघून डॉक्टरांनी ताईला लगेच दाखल करून घेतलं. "उद्यावर ढकललं असतं तर हाताशी काही उरलं नसतं," ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

तुमच्याकडेही असा कुणी येईल. डोळे बांधील, हात फिरवील, तुमचं दुखणं तुम्हालाच सांगून तुम्हाला रडवील. त्याच्या डोळ्यांवरची पट्टी तपासत बसू नका, ती घट्टच असते. त्याला एवढंच म्हणा: प्रश्न आम्ही विचारणार, आणि आमच्या शब्दांत. तो कबूल झाला नाही, तर घरी जा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्या.