गोदाकाकींची झोळी

रसिका त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाली. ठाकुर्लीत पुलावरचा मोठा रस्ता होणार, त्यात गोदाकाकींचं घर जाणार, आणि आज सर्वेवाला यायचा होता. दीड वर्षाचा देवेश दिवसभर त्याच घरात असायचा. त्याच्यासोबत गल्लीतली आणखी तीन मुलं. रसिकाची ठाण्याची नोकरी टिकली होती ती त्यामुळेच.

सामाजिक परिणामांचं मूल्यमापन तिने एम.ए.ला वाचलं होतं. एक घर पडतं तेव्हा त्याला टेकून आणखी कोणकोण उभं असतं ते शोधायचं, असं लिहून मार्कही मिळवले होते. तिनेच काकींना समजावलेलं, "पाळणाघराची नोंद झाली तर नव्या इमारतीत त्यालाही खोली मिळेल, इथेच मागच्या गल्लीत. नाहीतर नुसते पैसे हातावर ठेवतील."

काकींनी हो हो केलं होतं.

ती पोचली तेव्हा पुढच्या खोलीत एकही खेळणं नव्हतं. काकी ठेवणीतली साडी नेसून, अंगभर सोनं घालून बसलेल्या. सर्वेवाला साकेत सरबत पीत होता.

"घरातून काही कामधंदा चालतो का, मावशी?"

"कनाला करू कामधंदा? आमची शेती होती. आमच्या घरच्या बाया लोकांची कामं करीत नाय."

"आतून पोरांचा आवाज येतोय."

"शेजारची हायेत. खेळाया येतात."

काकींनी रसिकाकडे बघायचं टाळलं. त्यांच्या लेकीचं, नयनचं, लग्न शहाडच्या बड्या घरात जमत आलं होतं. होणाऱ्या विहीणबाई पैसे घेऊन दुसऱ्यांची पोरं धुतात, हे तिथवर जायला नको होतं. रसिकाला ते कळत होतं.

"म्हणजे फक्त घर," म्हणत साकेत उठला.

आत देवेश जागा होऊन 'आजी, आजी' करू लागला.

"तो माझा मुलगा," रसिका म्हणाली. "रोज इथेच असतो. अशी चार मुलं आहेत. काकी सांभाळतात, आम्ही पैसे देतो."

साकेत पुन्हा बसला. "अहो मावशी, हे आधी सांगायचं ना. हेच तर हवं असतं आम्हाला. चौकात यादी लागेल, त्यात पाळणाघर म्हणून नाव येईल."

काकींनी त्याला निरोप दिला, दार लावलं आणि त्या आत गेल्या. रसिका मागोमाग गेली, तर काकी स्टुलावर चढून कडीला बांधलेली साडीची झोळी सोडत होत्या.

"काकी, खोली मिळावी म्हणून बोलले मी."

"मिळंल की खोली. माजी पोर कुठं देऊ आता, सांग."

गाठ सुटेना. काकींनी मागे न वळताच म्हटलं, "भात मऊ केलाय. भरवून ने त्याला. उपाशी नको नेऊस."

खाली देवेश हात वर करून उभा होता. त्याला वाटलं, झोळी आपल्यासाठीच बांधताहेत.