सनदेचा केक

टेबलावरचा केक बघून हेस्टर प्रिंगलला आधी वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल. कॅथेड्रलच्या जुन्या सभागृहात, मॅग्ना कार्टा ही राजाची आठशे वर्षांपूर्वीची सनद ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशीच टेबल मांडलं होतं. केकही साधासुधा नव्हता. कुणा हौशी बाईने अख्खी सनदच साखरेच्या पापुद्र्यावर छापून आणली होती, बारीक तपकिरी लॅटिन अक्षरांसकट. खाली लाल जेलीची राजमुद्रा. खोलीतल्या उबेने ती जेली पाझरून अक्षरांवरून ओघळत होती.

मग तिने कडेचा मजकूर वाचला. 'हेस्टर, मनापासून आभार. आता आराम कर.'

नवरा गेल्यापासून दर मंगळवारी ती इथे बिनपगारी उभी राहायची. आल्यागेल्याला त्या कातड्यावर काय लिहिलंय ते समजावून सांगायची. मंगळवार सोडला तर आठवडाभर तिच्याशी बोलायला चिटपाखरू नव्हतं, आणि हे तिची मैत्रीण थेल्मा पक्कं जाणून होती. थेल्माही इथलीच, सनद दाखवणाऱ्यांपैकी. तीच दर मंगळवारी हेस्टरला आपल्या गाडीतून घेऊन यायची. आजही तिनेच आणलं होतं, आणि सगळ्या वाटेने आपल्या कुत्र्याच्या किडक्या दातांबद्दल बोलत होती. आता ती सगळ्यांच्या मागे उभी राहून कपात साखर ढवळत होती.

"मी कुठे चाललेय?" हेस्टरने विचारलं.

या कामाचे प्रमुख रेव्हरंड क्विन्टन कसंनुसं हसले आणि म्हणाले की, थेल्माने सांगितलं असेल ना? थेल्मा म्हणाली, तिला वाटलं पत्र गेलंय. पत्रं पाठवणाऱ्या बाईंना वाटलं, रेव्हरंड फोन करतील. म्हणजे केक करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक, ठाऊक नाही ते फक्त जिला काढलं तिला. आमच्या गावाची ही जुनी खोड आहे. तोंडावर 'जा' म्हणायची कुणाची छाती नसते, निरोप द्यायला मात्र सगळे कपबशा घेऊन हजर.

कारण हुडकायला हेस्टरला वेळ लागला नाही. छपराच्या दुरुस्तीला घसघशीत देणगी देणारे बिल्डर बर्डसॉल मध्यंतरी पाहुणे घेऊन आले होते. त्यांचा फोटोग्राफर मनाई असताना सनदेवर फ्लॅश मारायला लागला, तेव्हा हेस्टरने कॅमेऱ्यावर हात धरून त्याला बाहेर काढलं होतं. तिने तसं विचारलं, तर रेव्हरंड मधाळ आवाजात म्हणाले, "तक्रार नव्हती हो त्यांची. त्यांना फक्त वाटलं की तुम्ही फार थकलेल्या दिसता."

एवढं उघडं पडल्यावर जरा लाज असलेल्या माणसांनी केक झाकून ठेवला असता. पण भाषण लिहून झालं होतं, चहा ओतून झाला होता. रेव्हरंडनी खिशातून कागद काढला आणि खरंच वाचून दाखवला. हेस्टरची निष्ठा, हेस्टरची माया. लोक माना डोलवत होते. कुणीतरी सुरी तिच्या हातात कोंबली. तिची मूठ चिकट होती. हेस्टरने ती खाली ठेवली, बोटं कोटाला पुसली. मग केकवाल्या बाईनेच तुकडे पाडले आणि सगळ्यांनी आपापल्या बशा पुढे केल्या. दोन मिनिटांपूर्वी जे एकमेकांवर ढकलत होते, त्यांची तोंडं आता मचमच चालू लागली. त्या आवाजाची तिला शिसारी आली.

"आतल्या सनदेतली एक ओळ मी दर मंगळवारी लोकांना सांगते," ती म्हणाली. "बरोबरीच्या माणसांनी न्याय केल्याशिवाय कुणाला त्याच्या जागेवरून हुसकायचं नाही. तुम्ही सगळे माझ्या बरोबरीचे. मग करा न्याय, माझ्यासमोर. मी जावं असं ज्याला वाटतं त्याने हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. रेव्हरंड पुटपुटले की, अशा गोष्टी मतांवर ठरवायच्या नसतात.

"बरं. मी राहावं असं ज्याला वाटतं, त्याने करा."

कुणी छताकडे बघितलं, कुणी चमच्याकडे. हेस्टरने थेल्माकडे बघितलं. थेल्माच्या एका हातात बशी होती, दुसऱ्यात काटा, आणि ओठांच्या कोपऱ्यात लाल जेली. हेस्टर तिच्यापाशी गेली. तिने बशी काढून घेतली, काटा काढून घेतला, दोन्ही टेबलावर ठेवलं.

"आता मोकळे झाले तुझे हात," ती म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.

थेल्माने पर्स उघडली. रुमालाने ओठ टिपले, रुमालाची नीट घडी घातली. मग आत चाचपून गाडीची किल्ली काढली.

"चल गं," ती हळूच म्हणाली, "पार्किंगची वेळ संपत आलीय. उगाच दंड बसायचा."

हेस्टर बसने घरी गेली.