चिरुटाचं वय

“तू तर सोडच, यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही,” एवारिस्तो म्हणाला आणि बाहीने पेटीवरची धूळ पुसू लागला. धूळ नव्हतीच. तरी तो पुसत राहिला. तर्जनीचं टोक तुटलेला त्याचा उजवा हात झाकणावरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

समोरच्या झुलत्या खुर्चीत नेमेसिओ बसला होता, पण झुलत नव्हता. पायाशी त्याची बांधलेली पिशवी होती. दुपारच्या बसने तो ओल्गिनला मुलीकडे निघाला होता, कायमचा. तिच्या घरात धूर चालणार नव्हता. फोनवर तिने तीनदा बजावलं होतं.

“विश्वासाचं राहू दे. एक चिरूट दे,” तो म्हणाला.

ब्याण्णव साली दोघे गावच्या कारखान्यात शेजारी-शेजारी बसून चिरूट वळत. नेमेसिओची बायको ओफेलिया खालच्या खोलीत पानांच्या शिरा काढी. त्याच वर्षी ती वारली, तेव्हा तिच्या हातची पानांची शेवटची जुडी एवारिस्तोने मागून घेतली आणि तिचे पंचवीस चिरूट वळले. पेटी तुझ्याकडेच ठेव, असं नेमेसिओच म्हणाला होता. माझ्याकडे महिनाभरही टिकायचे नाहीत. मुरले की दोघं मिळून ओढू.

मुरायला किती वर्षं, एवढाच काय तो प्रश्न होता. तेव्हा एवारिस्तोने पाच सांगितली. पाच झाली, तर त्याला हवानाचा कुणी व्यापारी भेटला. त्याच्या मते दहाच्या आत व्हिंटेज म्हणणं म्हणजे मिसरूड न फुटलेल्याला आजोबा म्हणणं. दहा झाली, तेव्हा लंडनचा एक साहेब निघाला. तो म्हणे नुसत्या वासावरून चिरुटाचा वाढदिवस सांगे. त्याने पंधरा सांगितली. पंधरा सरली आणि गावावर आलेल्या मोठ्या वादळानंतर आकडा एकदम पंचविसावर गेला. पंचविसाव्या वर्षी कुणा स्विस माणसाने शोध लावला की पेटी उघडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि एवारिस्तोने ती नाताळात उघडून पाहिली होती. नेमेसिओने आयुष्यभराचा राग या साहेबलोकांवर काढला होता. त्यांतला एकही त्याने कधी पाहिला नव्हता.

एवारिस्तोची बायको सोइला कॉफी घेऊन आली. तिने नेमेसिओच्या हातात कप दिला, नवऱ्याचा कठड्यावर आपटला.

“बस काही तुझ्या इंग्रजासाठी थांबायची नाही,” ती म्हणाली. मग पेटीकडे न बघताच आत गेली.

एवारिस्तोने घसा साफ केला. वादळात छप्पर उडालं ते गावाने पाहिलं, पण पेटीचं काय झालं ते कुणाला ठाऊक होतं? ती पाण्यावर तरंगत निघाली. रस्त्याच्या मधोमध, एखाद्या बाईने खरेदीला निघावं तशी. चौकीवरच्या हवालदाराने तिला सलाम ठोकला. चौकात ती डावीकडे वळली, देवळाच्या पायऱ्या चढली आणि संत लाझारोच्या पायाशी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी ती आणून दिली. आत पाण्याचा थेंब नव्हता.

“पायऱ्या चढली?” नेमेसिओने विचारलं.

“पाणी चढलं, तशी तीही चढली. तू ऐक पुढे. तीन दिवस संताच्या पायाशी, म्हणजे इथली दहा वर्षं धर. मी रात्री हिशेब केला. तुझे चिरूट आजच व्हिंटेज झाले.”

“माझं वय किती झालं, तो हिशेब केलास का? ब्याऐंशी. सत्तावीस वर्षं तुझे साहेब ऐकतोय मी. त्या पोरीच्या दारात उभं राहून ओढू का आता? दे इकडे.”

त्याने पेटी ओढूनच घेतली. झाकण उघडल्यावर क्षणभर त्याने डोळे मिटले. मग एक चिरूट उचलून कानाशी धरला, बोटांत हलकेच दाबला. सवयीने त्याचा अंगठा टोकावर गेला, जिथे पानाची छोटी टोपी बसवलेली असते. कारखान्यात चिरुटावर कुणी आपलं नाव लिहीत नसे. टोपी पाहिली की कुणाचा हात ते कळे. एवारिस्तोची टोपी तर्जनीच्या टोकाने फिरवलेली, गोगलगायीच्या पाठीसारखी. वादळाच्या आदल्या वर्षी पात्याखाली ते टोक गेलं. पुढे नोकरी संपेपर्यंत तो टोपी अंगठ्याने बसवी, प्रत्येक टोपीच्या कडेला एक बारीक चुणी राहू लागली, आणि शेजारच्या टेबलावरून नेमेसिओ त्याला रोज चिडवायचा.

एवारिस्तोने काडी पेटवून पुढे धरली.

नेमेसिओने चिरूट तोंडात धरला नाही. तो मांडीवर ठेवला. दुसरा काढला, त्याच्या शेजारी ठेवला. मग तिसरा. काडी जळत बोटांपर्यंत आली तशी एवारिस्तोने ती टाकली आणि दुसरी पेटवली. नेमेसिओने सगळी पेटी रिकामी केली. प्रत्येक टोपीवरून त्याने अंगठा फिरवला.

“वाऱ्याने विझतेय,” एवारिस्तो म्हणाला. वारा नव्हता.

“ओफेलिया गेली तेव्हा तुझं हे बोट शाबूत होतं,” नेमेसिओ म्हणाला. “या टोप्या अंगठ्याने बसवल्यात, एवारिस्तो. पंचवीसच्या पंचवीस.”