उरलेली अर्धी दाढी

भावना दुखावल्याची भरपाई! काय एकेक भानगड. कान दुखावला तर डॉक्टर लिहून देतो. भावना किती सुजल्या ते कोण बघणार? पण लेक हट्टाला पेटली, आणि आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, कोर्टात फक्त खरं सांगायचं."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं!

माझं केस कापायचं दुकान. गिऱ्हाईक फोनवर तावातावाने बोलत होतं, मान हलली, वस्तरा किंचित लागला. त्याने सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढला. एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पुढचं मी घरी फुशारकीने सांगितलं होतं: "कॉलर धरून बाहेर काढला लेकाला!" तेव्हापासून पोरगी मैत्रिणींत मिरवत होती. आज ती मागच्या बाकावर ताठ बसलेली, तेच माझ्या तोंडून ऐकायला.

समोरचा वकील उठला. "थप्पड बसल्यावर तुम्ही काय केलंत?"

खोटं बोलावं, तर तेव्हा दुकानात असलेले दोघे साक्षीला आलेले. शिवाय शपथ घेतलेली.

"दाढी पुरी केली."

"कोणाची?"

"त्यांचीच. अर्धी राहिली होती. आमच्यात अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक उठवत नाहीत."

कोणीतरी फिसकन हसलं. वकिलाला जोर चढला. "म्हणजे भावनाबिवना काही दुखावल्या नव्हत्या! हात तरी थरथरला का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याचीच तर लाज वाटते. गाल पेटलेला, डोळ्यांत पाणी, आणि हात मात्र गुमान चालला होता. लोशन लावलं. टॉवेल झटकला. आणि तो निघाला तेव्हा म्हणालो, पुन्हा या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या बाकाकडे बघायची छाती होईना.

वकीलबाई मात्र खूश. मी पिंजऱ्यातून उतरल्यावर कानाशी येऊन म्हणाल्या, "शाब्बास काका! जिंकलो म्हणून समजा. आता आणखी पुरावा नको."

लेक बाहेर जिन्यापाशी उभी होती. तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. वाटलं, आता झापेल, 'काय रे बाबा, थापा मारतोस!' बोलायला लागल्यापासून मला अरे-तुरेच करते ती. भांडली असती तर बरं झालं असतं.

"चला बाबा," ती खाली बघत म्हणाली, "दमला असाल तुम्ही."