दीड मात्रेचं दुःख

क्लिओफस टब्ज यांची गिटारची शैली शिकण्यासाठी त्यांच्या मुलीला फॉर्म भरावा लागला. 'या संगीताशी आपली ओळख कशी झाली?' या रकान्यात अर्लीनने 'जन्मतः' असं लिहिलं. तिला प्राथमिक वर्गात घालण्यात आलं.

मिसिसिपीच्या टेकड्यांमधल्या त्या गावात अर्लीन सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि दर रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवत होती. वडलांनी तिला कधी शिकवलं नाही. परगावाहून आलेल्या कुठल्याही पोराला ते व्हरांड्यात बसवून घ्यायचे, पण शनिवारच्या नाचाची गिटार मुलीच्या हाती नको, यावर त्यांचं आणि आईचं एकमत होतं. दोघांचं एकमत झालेला तेवढा एकच विषय. तेव्हा ती दाराआडून ऐकून शिकली. दार जाळीचं होतं, त्यामुळे तारांवरचा त्यांचा अंगठाही दिसायचा.

आता वडील हयात नव्हते आणि गाव त्यांच्या नावाचा स्मारकाचा दगड बसवत होतं. शनिवारी दुपारी अनावरण. दगडावरचं कापड ओढण्याचा मान लेकीचा. वडलांचं गाणं मात्र प्रमाणपत्रधारक कलाकारच वाजवणार, असं स्मारक समितीच्या नियमात होतं. गाणं आपण वाजवायचं, एवढीच अर्लीनची इच्छा होती. म्हणून ती ते प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गात बसली.

वर्ग जुन्या कापसाच्या जिनिंगमध्ये भरायचा. प्रेस्कॉट नावाचे सर ओहायोहून आले होते. बारा विद्यार्थी, पाच दिवस, रोज एक थोर पुरुष उरकायचा. गावात तिला लहानथोर सगळे 'मिस अर्लीन' म्हणत. तिच्या मुलाच्या वयाचे प्रेस्कॉट सर पहिल्या मिनिटापासून नुसतं 'अर्लीन' म्हणू लागले. ते तिने गिळलं. गुरुवारी तिच्या वडलांचा नंबर लागला.

सरांनी वडलांचं एकुलतं एक रेकॉर्ड लावलं आणि तिसऱ्या कडव्यात हात वर केला. गिटार थांबली. दीड मात्रा काही नाही. मग पुन्हा सुरू.

"हा विराम," सर हळू आवाजात म्हणाले, "टब्ज यांच्या शैलीचा आत्मा आहे. धाकटा भाऊ गेल्याचं दुःख त्यांनी इथे ठेवलंय."

मग बाराही जणांनी तो विराम घोटायचा होता. डेन्मार्कहून आलेल्या एका बाईंचे डोळे भरून आले. ओक्लाहोमाच्या एका दंतवैद्याने विरामात मान खाली घालण्याची सुंदर सवय लावून घेतली.

अर्लीनने हात वर करून सांगितलं, की हे रेकॉर्डिंग घरच्या व्हरांड्यात झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. सोललेल्या घेवड्याचं पातेलं घेऊन ती व्हरांड्यातून चालली होती, तिचा पाय माइकच्या वायरीत अडकला, आणि ती पडते की काय म्हणून वडील थांबले. धाकटे काका तर अजून मेम्फिसला आहेत, आणि त्यांची तब्येत उत्तम आहे.

सरांनी हे मन लावून ऐकलं, मौखिक परंपरा फार मोलाची असते असं म्हटलं आणि सगळ्यांना विराम पुन्हा वाजवायला सांगितला.

शुक्रवारी परीक्षा झाली; प्रमाणपत्र एकालाच मिळणार होतं. अर्लीनने गाणं जसं वाजायचं तसं वाजवलं. त्या टेकड्यांमध्ये कॉर्ड मात्रा मोजून बदलत नाहीत. समोरचे नाचणारे पाय मागतात तेव्हा बदलतात. समोर पाय नव्हते, तर तिने मनात आणले. सरांनी पेन्सिलीने वहीत खुणा केल्या आणि मायेने म्हणाले, "हात गोड आहे, अर्लीन. पण हे टब्ज नाहीत. रेकॉर्ड आणखी ऐका."

"मी त्या रेकॉर्डात आहे," अर्लीन म्हणाली.

प्रमाणपत्र दंतवैद्याला मिळालं.

ती तशीच समितीच्या अध्यक्षा ओझेला यांच्याकडे गेली. दोघी एकाच बाकावर शिकलेल्या. ओझेलाने चहा दिला, नियम दाखवला, सरकारी निधीची अट दाखवली आणि काय करू बाई, असं तोंड केलं. अर्लीनने चहाला हात लावला नाही.

"मग कापडही त्या डॉक्टरलाच ओढू दे," ती म्हणाली. "त्याच्याकडे कागद आहे."

"लोक काय म्हणतील, अर्लीन?"

"म्हणतील, ओझेलाने पोरीला तिच्या बापाच्या दगडापाशी उभं केलं आणि गिटार मागितली तर तोंड धुवून ये म्हणाली."

शनिवारी सगळं गाव जमलं. फोटोवाला तयार होता. अर्लीन दगडाशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. भाषणं झाली, फोटोवाल्याने दोनदा खूण केली, ती हलली नाही. वेळ भरून काढायला ओझेलाने दंतवैद्याला गाणं सुरू करायला सांगितलं.

तो वाईट वाजवत नव्हता. ओझेलाची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई खुर्चीतून उठून नाचू लागली, मग बाकीचे उठले. तिसऱ्या कडव्यात दंतवैद्याने मान खाली घातली आणि गिटार थांबली. म्हातारीचा एक पाय हवेतच राहिला. शेजारच्याने धरलं नसतं तर ती पडलीच असती.

"मेला की काय हा?" म्हातारीने विचारलं.

दंतवैद्याने वर पाहिलं, हवेतला पाय पाहिला, मग अर्लीनकडे पाहिलं. माणूस सरळ होता. तो उठला आणि गिटार तिच्यापुढे धरत म्हणाला, "मिस अर्लीन, मला वाटतं ही जागा तुमची आहे."

ओझेला नियमाविषयी काही बोलू लागली, पण आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की ती खाली बसली.

अर्लीनने तार जरा उतरवली आणि वाजवायला घेतलं. म्हातारीच्या टाचा जिकडे गेल्या तिकडे तिचा अंगठा गेला. कॉर्ड कधी लांबली, कधी अर्ध्यावर वळली. प्रेस्कॉट सर वही घेऊन मोजत मोजत पुढे आले, ते थेट तिच्यासमोर.

"फार छान," ते वाकून म्हणाले. "तेवढं तिसऱ्या कडव्याचं बघा."

अर्लीनने अंगठा थांबवला नाही.

"सर, बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही नाचायच्या जागेत उभे आहात."